फेम्टोसेकंद लेसरने पदार्थाचे अरेषीय प्रकाशीय गुणधर्म कसे मोजावेत : झेड-स्कॅन आणि पंप-प्रोबची कार्यपद्धती

पदार्थाचा अपवर्तनांक हा त्या पदार्थाचा ठरलेला गुणधर्म आहे आणि त्यातून जाणारा प्रकाश मंद आहे की प्रखर याच्याशी त्याचा संबंध नाही, असे आपण शाळेत शिकतो. नेहमीच्या प्रकाशासाठी ते खरेही आहे. मात्र फेम्टोसेकंद (सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश भाग) लेसरचा स्पंद भिंगाने एका बिंदूवर आणला आणि तिथली तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला १०० गिगावॅटच्या घरात गेली, की साध्या क्वार्ट्झ काचेचाही अपवर्तनांक ०.००००२५ ने वाढतो. आकडा नगण्य वाटतो, पण एक मिलिमीटर जाडीतून जाताना त्यामुळे तरंगाच्या कलेत (चढउताराच्या टप्प्यात) पडणारा फरक उपकरणांना सहज दिसण्याइतका असतो. अपवर्तनांक तीव्रतेच्या प्रमाणात किती बदलतो, म्हणजेच पदार्थाचा अरेषीय अपवर्तनांक, आणि शोषण तीव्रतेबरोबर किती वाढते किंवा घटते, म्हणजेच अरेषीय शोषणांक, हे दोन आकडे काढण्याची पद्धत या लेखात क्रमाने दिली आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. या मोजमापात आपण पदार्थ मोजतो असे वाटते, पण प्रत्यक्षात बहुतेक वेळ लेसरचा झोत मोजण्यात जातो. संवेदकावर दिसतो तो फक्त संकेत. त्या संकेताला तीव्रतेने भागले की पदार्थाचा आकडा मिळतो आणि ती तीव्रता आपल्याला स्पंदाची ऊर्जा, स्पंदाचा कालावधी आणि झोताची त्रिज्या यांवरून काढावी लागते. ऊर्जेत ५ टक्के, कालावधीत १० टक्के आणि त्रिज्येत ५ टक्के चूक असेल, तर त्रिज्येचा वर्ग होत असल्याने तिचा वाटा १० टक्के होतो आणि तिन्ही वाट्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढले की एकूण अनिश्चितता १५ टक्क्यांवर जाते. नमुना अजून मांडणीत बसवलेलाही नसतो, तेव्हाची ही स्थिती आहे. म्हणून पहिल्या तीन पायऱ्यांवर मी मुद्दाम जास्त जागा खर्च केली आहे.

झेड-स्कॅन हीच पद्धत का

अरेषीय अपवर्तनांक मोजण्याच्या पद्धती अनेक आहेत. चार तरंगांचे मिश्रण, ऑप्टिकल केर गेट आणि व्यतिकरणावर आधारलेल्या मांडण्या यांपैकी प्रत्येकीचे स्वतःचे बलस्थान आहे. परंतु त्यांत दोन किंवा तीन झोत एकाच जागी आणि एकाच क्षणी आणून ठेवावे लागतात. मन्सूर शेख-बहाई, एरिक व्हॅन स्ट्रायलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या आणि १९९० मध्ये सविस्तर विशद केलेल्या झेड-स्कॅन पद्धतीत एकच झोत पुरतो. नमुना झोताच्या अक्षावर, नाभीच्या (भिंगामुळे झोत एकवटतो त्या बिंदूच्या) अलीकडून पलीकडे सरकवायचा आणि दूरवर ठेवलेल्या गोल छिद्रातून किती प्रकाश येतो ते नोंदवायचे, एवढीच तिची कल्पना आहे. मापनाची संवेदनशीलता चांगली आहे आणि अरेषीय बदलाचे चिन्ह, म्हणजे अपवर्तनांक वाढतो की घटतो, हे आलेखाच्या आकारावरून लगेच कळते.

हे चिन्ह कसे कळते ते समजून घेणे पुढे फार उपयोगी पडते. झोताच्या मध्यभागी तीव्रता जास्त आणि कडेला कमी असल्यामुळे, अपवर्तनांक तीव्रतेबरोबर वाढणारा पदार्थ स्वतःच एका पातळ बहिर्वक्र भिंगासारखा वागू लागतो. असा नमुना नाभीच्या अलीकडे असला तर झोत आधीच एकवटतो, त्यापुढे तो जास्त पसरतो आणि छिद्रातून कमी प्रकाश जातो. नाभीच्या पलीकडे असला तर पसरत चाललेल्या झोताला तो आवरतो आणि छिद्रातून जास्त प्रकाश जातो. म्हणून आधी दरी आणि मग शिखर आले तर चिन्ह धन, तर आधी शिखर आणि मग दरी आली तर चिन्ह ऋण.

पहिली पायरी : सुरक्षितता

हा भाग थोडक्यात सांगतो, पण तो वगळण्यासारखा नाही. टायटॅनियम-सफायर लेसरचा ८०० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना अगदी फिकट लाल दिसतो किंवा दिसतच नाही, मात्र डोळ्याचे भिंग तो नेत्रपटलावर व्यवस्थित एकवटते. झोत मंद दिसतो म्हणून तो दुर्बल आहे असे समजणे हीच या तरंगलांबीवरची सर्वांत मोठी चूक आहे. त्या तरंगलांबीसाठीचा चष्मा लावावा, घड्याळ आणि अंगठ्या काढून ठेवाव्यात, झोत टेबलाला समांतर आणि डोळ्यांच्या पातळीच्या बराच खाली ठेवावा. नमुन्याच्या पृष्ठभागावरून परत येणारा चार-पाच टक्के प्रकाश कुठे जातो ते इन्फ्रारेड कार्डाने शोधून अडवावा. नमुना सरकतो तेव्हा हा परावर्तित झोतही आपली जागा बदलतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

दुसरी पायरी : स्पंदाची ऊर्जा आणि कालावधी

शक्तिमापक सरासरी शक्ती दाखवतो. तिला दर सेकंदाच्या स्पंदसंख्येने भागले की एका स्पंदाची ऊर्जा मिळते. सेकंदाला १००० स्पंद देणाऱ्या लेसरमध्ये १०० नॅनोज्यूलचा स्पंद म्हणजे केवळ १०० मायक्रोवॅट सरासरी शक्ती. इतक्या कमी शक्तीवर उष्णतेवर चालणारे मापक खोलीतल्या हवेच्या झुळकीनेही डळमळते, तेव्हा इथे फोटोडायोडचे मापक वापरावे किंवा जास्त शक्तीवर मोजून क्षीणन किती पट आहे ते वेगळे निश्चित करावे. शिवाय प्रवर्धकातून (स्पंदाची ऊर्जा वाढवणाऱ्या लेसरच्या भागातून) स्पंदाबरोबर येणारा मंद पार्श्वप्रकाश आणि मुख्य स्पंदामागचे लहान स्पंद मापकाच्या हिशेबात धरले जातात, अरेषीय परिणामात मात्र त्यांचा वाटा जवळजवळ शून्य असतो. हा भाग मोठा असेल तर आपण काढलेली तीव्रता खऱ्या तीव्रतेपेक्षा जास्त भरते आणि पदार्थाचा आकडा कमी येतो.

ऊर्जा कमी-जास्त करण्यासाठी अर्धतरंग पट्टी आणि ध्रुवक यांची जोडी सर्वांत सोयीची. जाड रंगीत काचेचे फिल्टर एकामागून एक लावणे टाळावे, कारण काच स्पंदाला ताणते. ५० फेम्टोसेकंदांचा स्पंद नेहमीच्या बोरोसिलिकेट प्रकाशीय काचेच्या २० मिलिमीटर जाडीतून गेला, की तो सुमारे ७० फेम्टोसेकंदांचा होतो आणि शिखरतीव्रता तीस टक्क्यांनी घसरते. त्याच काचेतून १०० फेम्टोसेकंदांचा स्पंद जेमतेम १०३ पर्यंत ताणला जातो. म्हणूनच, अत्यंत जलद घटना पाहायच्या नसतील तर झेड-स्कॅनसाठी १०० फेम्टोसेकंदांच्या आसपासचा स्पंद घ्यावा असे माझे मत आहे. ५० फेम्टोसेकंदांचा हट्ट धरला की प्रत्येक भिंगाचा आणि खिडकीचा हिशेब ठेवत बसावे लागते.

कालावधी मोजण्यासाठी ऑटोकोरिलेटर, म्हणजे स्पंद त्याच्याच प्रतीशी ताडून पाहणारे उपकरण, वापरतात. त्याच्या आलेखाची रुंदी हा स्पंदाचा कालावधी नव्हे. स्पंद गॉसियन (घंटेसारख्या) आकाराचा मानला तर त्या रुंदीला १.४१ ने आणि सेक-वर्ग आकाराचा मानला तर १.५४ ने भागावे लागते. कोणता आकार मानला ते वहीत लिहून ठेवावे. मापन नमुन्याच्या जागी किंवा तितक्याच काचेतून गेल्यानंतर करावे. लेसरच्या तोंडाशी मोजलेला कालावधी नमुन्यापाशी खरा असेलच असे नाही.

तिसरी पायरी : झोताची कंबर

भिंगाने एकवटलेला झोत नाभीपाशी सर्वांत अरुंद होतो. तिथली त्रिज्या म्हणजे झोताची कंबर. भिंगावर येणाऱ्या झोताची त्रिज्या २ मिलिमीटर आणि भिंगाचे नाभीय अंतर २० सेंटिमीटर असेल, तर ८०० नॅनोमीटरला कंबर सुमारे २५ मायक्रोमीटर मिळते. ज्या अंतरावर झोताचे क्षेत्रफळ दुप्पट होते त्याला रेले अंतर म्हणतात. कंबरेच्या वर्गाला ३.१४ ने गुणून तरंगलांबीने भागले की ते मिळते आणि इथे ते २.४५ मिलिमीटर येते. ही संख्या लक्षात ठेवावी, कारण नमुन्याची जाडी, सरकवण्याचे अंतर आणि आलेखाची रुंदी हे सगळे तिच्यावरून ठरते.

मात्र सूत्रातून आलेली कंबर अंतिम मानू नये. धारदार पात्याची पद्धत सोपी आणि भरवशाची आहे. एक ब्लेड सूक्ष्ममापी मंचावर बसवून झोतात आडवे सरकवायचे आणि मागे पोहोचणारी शक्ती नोंदवायची. शक्ती ९० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर येण्यासाठी ब्लेड जितके सरकले त्या अंतराला १.२८ ने भागले की त्या जागची त्रिज्या मिळते. नाभीच्या दोन्ही बाजूंना अशी दहा-बारा ठिकाणी मापने घेऊन त्रिज्या कशी बदलते त्याचा आलेख काढावा. तो आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांना वेगळा काढावा. दोन्ही दिशांच्या कंबरा अक्षावर वेगवेगळ्या ठिकाणी येत असतील तर भिंग तिरके आहे किंवा झोतच लंबवर्तुळाकार आहे. तो दोष आधी दुरुस्त करावा, पुढच्या गणिताने तो भरून निघत नाही.

आता शिखरतीव्रता काढता येते. गॉसियन स्पंदाची शिखरशक्ती म्हणजे ऊर्जा भागिले कालावधी, गुणिले ०.९४. १०० नॅनोज्यूल आणि १०० फेम्टोसेकंद असतील तर ती ०.९४ मेगावॅट येते. तिची दुप्पट करून कंबरेच्या क्षेत्रफळाने भागले की दर चौरस सेंटिमीटरला साधारण ९६ गिगावॅट मिळतात. नमुन्याच्या पुढच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा भाग वजा करायला विसरू नये. क्वार्ट्झ काचेसाठी तो साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो.

चौथी पायरी : मांडणी

भिंगाच्या आधी एक पातळ काचपट्टी ठेवून झोताचा थोडा भाग संदर्भ फोटोडायोडवर घ्यावा, म्हणजे लेसरचे चढउतार भागाकाराने निघून जातात. भिंगानंतर नमुना मोटार लावलेल्या सरकत्या मंचावर बसवावा आणि मंचाची हालचाल झोताच्या अक्षाला काटेकोर समांतर असल्याची खात्री करावी. नमुन्यामागे अर्धपारदर्शक आरशाने झोताचे दोन भाग करावेत. एका भागासमोर गोल छिद्र आणि त्यामागे फोटोडायोड, ही झाली बंद वाट. दुसऱ्या भागासमोर छिद्र नसलेले मोठे भिंग आणि फोटोडायोड, ही झाली उघडी वाट. बंद वाटेत अपवर्तनाचा आणि शोषणाचा परिणाम एकत्र दिसतो, उघड्या वाटेत केवळ शोषणाचा.

छिद्र नाभीपासून दूर, ६० सेंटिमीटरच्या आसपास ठेवावे. आपल्या उदाहरणात तिथे झोताची त्रिज्या सुमारे ६ मिलिमीटर असेल. नमुना नसताना छिद्रातून एकूण प्रकाशाचा जो वाटा जातो त्याला एस म्हणू. तो ०.४ हवा असेल तर छिद्राची त्रिज्या झोताच्या त्रिज्येच्या निम्मी, म्हणजे ३ मिलिमीटर ठेवावी. छिद्र लहान केल्यास संवेदनशीलता किंचित वाढते, पण झोत जरासा हलला तरी संकेत डळमळतो. ०.४ हा व्यवहारात चांगला मध्य आहे.

उघड्या वाटेतले भिंग सगळाच्या सगळा झोत गोळा करते ना, हे तपासायची एक खात्रीची युक्ती आहे. ८०० नॅनोमीटरला द्विफोटॉन शोषण (एकाच वेळी दोन फोटॉन शोषणे) न करणारी क्वार्ट्झ काच नमुना म्हणून लावावी. उघड्या वाटेचा आलेख सपाट आला पाहिजे. त्यात बंद वाटेसारखी दरी-शिखरांची अंधुक छाया दिसली तर भिंगाच्या कडेवरून प्रकाश निसटतो आहे.

पाचवी पायरी : ज्ञात पदार्थावर चाचणी

अनोळखी नमुन्याला हात लावण्यापूर्वी एक मिलिमीटर जाडीची क्वार्ट्झ काच मोजावी. तिचा अरेषीय अपवर्तनांक ८०० नॅनोमीटरला सुमारे २.५ × १०^−१६ चौरस सेंटिमीटर प्रति वॅट आहे. वरची तीव्रता, परावर्तन वजा करून, घेतली तर झोताच्या मध्यावर आणि स्पंदाच्या शिखरक्षणी कलाबदल ०.१८ रेडियन येतो. स्पंदाच्या सुरुवातीला आणि शेवटी तीव्रता कमी असल्याने सरासरीसाठी त्याला १.४१ ने भागावे, म्हणजे ०.१३ उरतो. शिखर आणि दरी यांच्या पारगमनातला फरक काढण्याचे सूत्र असे आहे : ०.४०६ गुणिले, एकातून एस वजा करून उरलेल्या संख्येचा पाव घात, गुणिले सरासरी कलाबदल. एस ०.४ असताना उत्तर ०.०४६, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या जरा वर येते. शिखर आणि दरी यांच्यातले अक्षावरचे अंतर रेले अंतराच्या १.७ पट, म्हणजे ४ मिलिमीटरच्या थोडे वर असायला हवे.

या दोन अपेक्षा दोन वेगळ्या गोष्टी तपासतात. उंची जुळली नाही तर ऊर्जा किंवा कालावधी चुकला आहे. अंतर जुळले नाही तर कंबर चुकली आहे किंवा झोत गॉसियन नाही. अंतर रेले अंतराच्या अडीच-तीन पट येत असेल, तर उंचीकडे बघूच नये, सरळ तिसऱ्या पायरीवर परत जावे.

द्रवांसाठी कार्बन डायसल्फाइड हा जुना प्रमाणपदार्थ आहे, पण तो विषारी आहे आणि सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेल्या पृष्ठभागावरही पेट घेऊ शकतो. शिवाय त्याचा आकडा स्पंदाच्या कालावधीवर अवलंबून असतो. १०० फेम्टोसेकंदांच्या स्पंदात रेणूंना वळायला पुरेसा वेळ मिळत नाही, तर लांब पिकोसेकंद स्पंदात मिळतो, त्यामुळे दोन्ही आकड्यांत साधारण दहापटीच्या घरातला फरक पडतो. लांब स्पंदांवरून काढलेला जुना आकडा घेऊन फेम्टोसेकंद मांडणी प्रमाणित करणे ही चूक आजही होते.

सहावी पायरी : नमुन्याची तयारी

झेड-स्कॅनचे साधे गणित नमुना पातळ आहे असे धरते, म्हणजे त्याची जाडी रेले अंतरापेक्षा पुरेशी कमी असली पाहिजे. आपल्या मांडणीत एक मिलिमीटर जाडी चालते. पृष्ठभाग समांतर आणि गुळगुळीत हवेत. पाचरीसारखा नमुना झोताला वाकवतो आणि सरकताना छिद्रावरचा झोत हलतो.

द्रावणांच्या बाबतीत एक सापळा आहे आणि मी स्वतः त्यात पुरेपूर अडकलो होतो. एक मिलिमीटर पोकळीच्या क्युव्हेटची, म्हणजे द्रव ठेवण्याच्या काचेच्या चौकोनी कुपीची, प्रत्येक भिंत साधारण सव्वा मिलिमीटर जाडीची असते, म्हणजे द्रव एक मिलिमीटर आणि काच अडीच मिलिमीटर. फेम्टोसेकंद स्पंदांसाठी त्या काचेचा कलाबदल विरल द्रावणातल्या रंगद्रव्याच्या कलाबदलापेक्षा कितीतरी मोठा असू शकतो. मी आठवडाभर ज्या सुंदर आलेखांना रंगद्रव्याचा गुणधर्म समजत होतो, ते मुख्यतः क्युव्हेटचे निघाले. आधी रिकामी क्युव्हेट, मग केवळ द्रावक भरलेली, मग द्रावण भरलेली, असा क्रम एकाच तीव्रतेवर, एकाच क्युव्हेटमध्ये पाळावा आणि कलाबदलांची वजाबाकी करावी. फरक मापनाच्या अनिश्चिततेपेक्षा लहान असेल तर द्रावण अधिक संहत करावे. तेही शक्य नसेल तर त्या रेणूचा अरेषीय अपवर्तनांक या मार्गाने मिळणार नाही हे मान्य करावे.

सातवी पायरी : प्रत्यक्ष मापन

नाभीच्या दोन्ही बाजूंना किमान पाच रेले अंतरे जावे. आपल्या मांडणीत उणे २० ते अधिक २० मिलिमीटर ही मर्यादा पुरते. टोकांकडे एक मिलिमीटरची पावले चालतात, मधल्या दहा मिलिमीटरमध्ये पाव मिलिमीटरची घ्यावीत. प्रत्येक जागी ५०० ते १००० स्पंदांची सरासरी काढावी. मंच थांबल्यावर कंपने शमण्यासाठी क्षणभर वाट पाहावी.

प्रत्येक नमुन्यासाठी हेच मापन आधी अगदी कमी ऊर्जेवर, जिथे अरेषीय परिणाम नगण्य आहे तिथे, करून ठेवावे. त्या आलेखातले चढउतार पृष्ठभागावरचे ओरखडे, धूळ आणि असमान जाडी यांमुळे असतात. ते जास्त ऊर्जेच्या आलेखातून वजा केले की संकेत आश्चर्य वाटावे इतका स्वच्छ होतो. जास्त ऊर्जेचे मापन संपल्यावर पुन्हा एकदा कमी ऊर्जेवर मापन करावे. आधीचे आणि नंतरचे आलेख जुळले नाहीत तर नमुना भाजला आहे आणि मधला सगळा विदा टाकून द्यावा लागतो. असे मापन किमान चार-पाच वेगवेगळ्या ऊर्जांवर झाले पाहिजे. एकाच ऊर्जेवरून काढलेल्या आकड्याला मी आकडा मानत नाही.

आठवी पायरी : आकडे काढणे

आधी उघडी वाट घ्यावी. नाभीपाशी पारगमन घटून खड्डा पडला तर द्विफोटॉन शोषण, उत्तेजित अवस्थेतले शोषण किंवा त्यांचे मिश्रण आहे. उलट शिखर आले तर शोषण संपृक्त होत आहे. खड्डा लहान असेल तर त्याची खोली म्हणजे शोषणांक, तीव्रता आणि परिणामी जाडी यांच्या गुणाकाराला २.८३ ने भागून येणारी संख्या होय. परिणामी जाडी म्हणजे नमुन्यातल्या साध्या शोषणामुळे कमी झालेली जाडी, आणि साधे शोषण नसेल तर ती प्रत्यक्ष जाडीइतकीच असते. खड्डा खोल असेल तर पूर्ण श्रेणी वापरून संगणकावर वक्र जुळवावा.

मग बंद वाटेच्या नोंदींना उघड्या वाटेच्या नोंदींनी, दोन्ही टोकांकडे एक होतील असे प्रमाणित करून, भागावे. भागाकारातून शोषणाचा परिणाम जवळजवळ निघून जातो आणि शिखर व दरी समान उंचीची होतात. हा सोपा मार्ग शोषण माफक असेपर्यंतच चालतो. खड्डा निम्म्यापर्यंत जात असेल तर दोन्ही आलेख एकत्र जुळवावेत. पाचव्या पायरीतले सूत्र उलटे वापरून कलाबदल मिळाल्यावर त्याला तरंगसंख्या (६.२८ भागिले तरंगलांबी), तीव्रता आणि परिणामी जाडी यांच्या गुणाकाराने भागले की अरेषीय अपवर्तनांक हाती येतो.

एक सोपा मार्गही आहे. त्याच दिवशी, त्याच मांडणीत मोजलेल्या क्वार्ट्झ काचेच्या कलाबदलाशी गुणोत्तर काढावे. ऊर्जा, कालावधी आणि कंबर यांतल्या चुका दोन्हीकडे सारख्याच असल्याने त्या छेदल्या जातात आणि काचेच्या आकड्याची अनिश्चितता तेवढी उरते. दोन्ही मार्गांनी उत्तर काढून ते जुळते का पाहणे हे मला सर्वांत प्रामाणिक वाटते.

नववी पायरी : आकड्याची उलटतपासणी

कलाबदल तीव्रतेच्या प्रमाणात वाढतो का, हा पहिला प्रश्न. सरळ रेषा शून्यातून जात असेल तर परिणाम तिसऱ्या कोटीचा आहे. रेषा वर किंवा खाली वळत असेल तर द्विफोटॉन शोषणाने निर्माण झालेले मुक्त वाहक (पदार्थात मोकळे फिरणारे विद्युतभार) किंवा त्याहून वरच्या कोटीचे परिणाम मिसळले आहेत. झिंक सेलेनाइडमध्ये हे स्पष्ट दिसते. त्याच्या ऊर्जापट्ट्यांमधले अंतर २.६७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे आणि ८०० नॅनोमीटरचे दोन फोटॉन मिळून ३.१ देतात, त्यामुळे द्विफोटॉन शोषण होतेच. त्याच पदार्थात अरेषीय अपवर्तनाचे चिन्ह ५३२ नॅनोमीटरला ऋण असते, म्हणून तरंगलांबी न सांगता दिलेल्या आकड्याला अर्थ नाही.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. तो सर्वांत फसवा आहे. नमुना थोडासाही प्रकाश शोषत असेल तर तो तापतो, द्रवाची घनता कमी होते, अपवर्तनांक घटतो आणि ऋण चिन्हाचे मोठे, देखणे शिखर-दरी मिळते. २५ मायक्रोमीटर त्रिज्येच्या जागेतून द्रवातली उष्णता बाहेर पडायला दीड मिलिसेकंदाच्या आसपास वेळ लागतो. सेकंदाला ८ कोटी स्पंद देणाऱ्या, प्रवर्धक नसलेल्या लेसर-दोलकात तेवढ्या वेळात सव्वा लाख स्पंद येऊन जातात आणि उष्णता साचत राहते. अशा लेसरवर, शोषण करणाऱ्या द्रावणात मोजलेला प्रचंड अरेषीय अपवर्तनांक बहुधा औष्णिक भिंगाचाच असतो. सेकंदाला हजार स्पंद असले तरी दोन स्पंदांत केवळ एक मिलिसेकंद असल्याने धोका पूर्ण टळत नाही. स्पंदाची ऊर्जा तीच ठेवून स्पंदांची संख्या हजारावरून शंभरावर आणावी. उत्तर बदलले नाही तरच उष्णतेचा वाटा नाही असे म्हणता येते.

तिसरी तपासणी ध्रुवणाची. चतुर्थांश तरंगपट्टीने रेषीय ध्रुवणाचे वर्तुळाकार ध्रुवण करून मापन पुन्हा करावे. समदिक पदार्थात इलेक्ट्रॉनांचा तात्काळ प्रतिसाद असेल तर कलाबदल मूळच्या दोन तृतीयांश होतो, रेणू वळल्यामुळे असेल तर एक चतुर्थांश होतो आणि उष्णतेमुळे असेल तर बदलतच नाही. एका पट्टीच्या बदल्यात इतकी माहिती देणारी दुसरी तपासणी मला माहीत नाही.

दहावी पायरी : पंप-प्रोबने वेळ पाहणे

झेड-स्कॅन परिणाम किती आहे ते सांगते, तो किती वेळ टिकतो ते सांगत नाही. त्यासाठी झोताचे दोन भाग करावेत. प्रबळ पंप नमुना उत्तेजित करतो आणि शंभर पटींनी दुर्बल प्रोब थोड्या विलंबाने येऊन बदल वाचतो. विलंब आरशाच्या सरकत्या जोडीने दिला जातो. जोडी एक मायक्रोमीटर सरकली की प्रकाशाला दोन मायक्रोमीटर जास्त जावे लागते आणि ६.७ फेम्टोसेकंदांचा विलंब पडतो. १५ सेंटिमीटर सरकली की एक नॅनोसेकंद मिळतो. पंपाच्या वाटेत लेसरशी जुळवलेला चॉपर (झोत ठरावीक वेळाने अडवणारी फिरती चकती) लावून एकाआड एक स्पंद अडवावा आणि पंप असताना व नसतानाच्या प्रोबमधला फरक काढावा. प्रोबचा ठिपका पंपाच्या ठिपक्यापेक्षा निम्म्याहून लहान ठेवावा, म्हणजे प्रोबला एकसारखा उत्तेजित भाग दिसतो.

शून्य विलंब शोधण्यात नवशिक्यांचा दिवस जातो. दोन्ही वाटांची लांबी आधी दोरीने मिलिमीटरपर्यंत जुळवावी, मग नमुन्याच्या जागी दोन झोतांपासून निम्म्या तरंगलांबीचा प्रकाश निर्माण करणारा पातळ बीबीओ (बेरियम बोरेट) स्फटिक ठेवून दोन्ही झोतांच्या मधोमध उमटणारा निळा ठिपका शोधावा. तो सर्वांत तेजस्वी होतो ती जागा म्हणजे शून्य.

शून्यापाशी फक्त स्पंदाइतक्या रुंदीचा खड्डा पडून लगेच भरून आला तर ते तात्काळ द्विफोटॉन शोषण आहे. त्यामागे पिकोसेकंदांपर्यंत लांबलेली शेपटी असेल तर मुक्त वाहक किंवा उत्तेजित रेणू आहेत आणि झेड-स्कॅनमधल्या खड्ड्यात त्यांचाही वाटा होता. पंप आणि प्रोब एकाच ध्रुवणाचे असताना शून्यापाशी दोघांच्या परस्परमिलनातून एक अणकुचीदार टोक येते. ते पदार्थाचा स्वतंत्र गुणधर्म नव्हे. ध्रुवणे काटकोनात केली की ते बरेच कमी होते. रेणूंच्या वळण्याचा परिणाम क्षय-वक्रातून काढून टाकायचा असेल तर दोन्ही ध्रुवणांत ५४.७ अंशांचा कोन ठेवावा. एकाच झोताच्या मापनाशी तुलना करताना लक्षात ठेवावे की समान ध्रुवणाचा प्रबळ पंप प्रोबच्या कलेत स्वतःच्या कलेपेक्षा दुप्पट बदल घडवतो. तो दोनाचा अवयव विसरला गेला की दोन पद्धतींची उत्तरे नेमकी दुपटीने भिन्न येतात.

नोंद कशी द्यावी

आकड्यासोबत तरंगलांबी, स्पंदाचा कालावधी आणि मानलेला आकार, दर सेकंदाची स्पंदसंख्या, ध्रुवण, कंबर, नमुन्याची जाडी, वापरलेल्या तीव्रतांचा पल्ला आणि संदर्भपदार्थाचा घेतलेला आकडा हे सगळे द्यावे. स्पंदावर सरासरी घेताना १.४१ चा भागाकार केला की नाही, हेही स्पष्ट लिहावे, कारण प्रकाशित आकड्यांतला बराचसा विसंवाद तिथूनच येतो. जुन्या लेखांत अरेषीय अपवर्तनांक ईएसयू या जुन्या स्थिरविद्युत एककात दिलेला असतो. त्याला ४० ने आणि ३.१४ ने गुणून, मीटर प्रति सेकंदातल्या प्रकाशवेगाने आणि साध्या अपवर्तनांकाने भागले की चौरस मीटर प्रति वॅटमधला आकडा मिळतो, आणि चौरस सेंटिमीटरमध्ये हवा असेल तर त्याला आणखी १०,००० ने गुणावे.